उष्टें, लाळ आणि एच्. आय्. व्ही.

सुश्रुताचार्यांनीं आपल्या संहितेच्या निदानस्थानांत, कुष्ठाचें प्रकरण संपवितांना, एका माणसापासून दुसऱ्यास जडणाऱ्या रोगांचे मार्ग क्रमानें सांगितले आहेत. प्रसंग, म्हणजे ज्याचा अर्थ सामान्यतः समागम असा केला जातो तो, अंगास अंग लागणें, श्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणें वा एका आसनावर बसणें, आणि दुसऱ्याचें वस्त्र, माळ किंवा उटी वापरणें. कुष्ठ, ज्वर, शोष आणि डोळे येणें हे रोग या वाटांनीं एका देहांतून दुसऱ्या देहांत जातात, असें त्यांचें म्हणणें. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळीं केवळ निरीक्षणाच्या बळावर केलेली ही यादी पाहून कोणासही आश्चर्य वाटावें. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय जो एच्. आय्. व्ही. नांवाचा विषाणु, त्याला ही सबंध यादी लागू पडत नाहीं. तिच्यांतील पहिली वाट तेवढी त्याला मोकळी आहे; पुढील पांचही वाटा बंद आहेत. आणि चमत्कार असा कीं, आमच्या घराघरांत धास्ती असते ती त्या बंद वाटांचीच.

याचें मूळ आमच्या उष्ट्याच्या कल्पनेंत आहे असें मला वाटतें. सोवळेंओवळें आतां पूर्वींइतकें कोणी पाळीत नाहीं. तरी पेल्यास ओठ न लावतां वरून पाणी पिण्याची संवय, उष्टा हात वाढपाच्या भांड्यांत न घालण्याचा कटाक्ष, दुसऱ्याच्या ताटांतला घास नको म्हणण्याची वृत्ति, हीं अजून सुशिक्षित घरांतूनही टिकून आहेत. विषमज्वर, कावीळ, साधें पडसें यांच्या दृष्टीनें ही संवय उपकारकच आहे. पण तिच्यामुळें एक समज मनांत खोल रुजला. तो असा कीं, सर्व रोगांचें घर तोंडांत आणि सर्व रोगांचें वाहन लाळ. एच्. आय्. व्ही.च्या बाबतींत हा समज साफ चुकीचा ठरतो. तो चुकीचा कां, हें समजून घ्यावयाचें तर पतिपत्नींच्या एकान्तांतील मुखसंपर्काविषयींही दोन शब्द स्पष्ट लिहिणें भाग आहे. कारण तरुण विवाहित माणसें मनांतल्या मनांत जो प्रश्न घोळवितात आणि वैद्यांपुढेंही ज्याचा उच्चार करीत नाहींत, तो हाच आहे.

हें मासिक घरांतील लहानथोर सारे वाचतात. तेथें असला विषय कशाला, असें कोणी वडीलधारे म्हणतील. त्यांनीं कृपा करून एक आठवावें. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ सालच्या जुलैपासून १९५३ सालीं देह ठेवीपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून त्यांत गुप्तरोगांविषयीं आडपडदा न ठेवतां लिहिलें. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मांडली, तरी निकाल विरुद्धच गेला. कर्व्यांचीं सगळींच मतें मला मान्य आहेत असें नाहीं. परंतु रोगाच्या बाबतींत संकोचानें मौन धरूं नये हा त्यांचा आग्रह आज कोण चूक म्हणेल? ज्यांना वाटत असेल त्यांनीं हा अंक आधीं स्वतः वाचावा, आणि मग विवाहित मुलांसुनांच्या हातीं द्यावा.

एड्स या रोगाची पहिली नोंद अमेरिकेंत १९८१ च्या जून महिन्यांत झाली. दोनच वर्षांनीं, १९८३ सालीं, पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. आपल्या देशांतील पहिले बाधित १९८६ सालीं मद्रासेस डॉ. सुनीति सॉलोमन यांनीं शोधून काढले. हा विषाणु रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी रोगाशीं झुंजतात त्यांतील मुख्यतः एका जातीच्या पेशींत शिरतो व त्यांचा संहार करतो; म्हणून देहाचें रक्षण ढासळून क्षय, फुप्फुसाचा दाह यांसारखे रोग एकामागून एक येतात. लागण होण्याइतका तो केवळ रक्त, वीर्य, योनीचा व गुदद्वाराचा स्राव आणि अंगावरचें दूध यांत असतो. घाम, अश्रु, मूत्र व थुंकी यांतून तो लागत नाहीं. शरीराबाहेर पडून सुकला कीं निकामी होतो. डांसाची भीति तर व्यर्थच आहे. डांस चावतांना आपली लाळ सोडतो, आधीं प्यालेलें रक्त नव्हे. शिवाय हा विषाणु डांसाच्या देहांत वाढूंच शकत नाहीं.

आतां मुखाविषयीं. मुखानें होणारा समागम ही पाश्चात्त्य चित्रपटांनीं आणलेली नवी गोष्ट आहे, असें आमच्यापैकीं पुष्कळांस वाटतें. वात्स्यायनानें कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणांत ‘औपरिष्टक’ या नांवाखालीं त्याचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे; त्यांत आचार्यांचा निषेधही आहे आणि देशपरत्वें आचार निरनिराळे असल्याची कबुलीही आहे. म्हणजे गोष्ट जुनीच. प्रश्न इतकाच कीं, एक व्यक्ति बाधित असली तर या मार्गानें दुसरीस लागण होते काय? 

याचें उत्तर असें कीं, होण्याचा संभव अत्यंत थोडा. इतका थोडा कीं, त्याचा आंकडा बांधणें शास्त्रज्ञांस जमलेलें नाहीं. याचीं कारणें मुखाच्या रचनेंतच आहेत. तोंडाच्या आंतील त्वचा अनेक थरांची व जाड असते, आणि विषाणूला ज्या पेशी हव्या असतात त्या तेथें वरच्यावर फार नसतात. लाळेंत या विषाणूस अटकाव करणारीं प्रथिनें असतात. शिवाय लाळ ही रक्ताच्या मानानें फार अळणी. शास्त्राच्या तासाला आपण मुलांना दाखवीत असूं कीं, रक्ताच्या पेशी साध्या पाण्यांत टाकल्या तर पाणी शोषून फुगतात व फुटतात. वीर्यांतून आलेल्या बाधित पेशींची लाळेंत तीच गत होते. आणि जें पोटांत जातें त्याची गांठ जठरांतील अम्लाशीं पडते. ज्या लाळेला आम्ही रोगाचें वाहन समजतों ती येथें पहारेकऱ्याचें काम करते.

यांतही कोणास धोका आणि कोणास नाहीं याचा भेद केला पाहिजे. जो थोडा धोका आहे तो, आपल्या मुखांत बाधित पुरुषाचें इंद्रिय घेणाऱ्यास. त्यांतही मुखांत वीर्यपात झाला तर. ज्याचें इंद्रिय दुसऱ्याच्या मुखांत असतें त्याचा संबंध केवळ लाळेशीं येतो, म्हणून त्याचा धोका नाहींच म्हटलें तरी चालेल. स्त्रीच्या बाबतींतही हाच न्याय. मुखानें तिच्याशीं संबंध करणाऱ्यास धोका अत्यल्प, मात्र विटाळाच्या दिवसांत रक्त असल्यानें तो किंचित् वाढतो. चुंबनानें लागण होत नाहीं. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असतां झालेली एखादी विरळा घटना वैद्यकाच्या इतिहासांत नोंदली गेली, एवढेंच.

तुलनेसाठीं कांहीं आंकडे देतों, म्हणजे प्रमाण ध्यानांत येईल. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें जो हिशेब मांडला आहे त्यांत बाधित व्यक्ति औषधांवाचून आहे असें गृहीत धरलें आहे. बाधित रक्त दिल्यास १०,००० पैकीं नऊ हजारांहून अधिक वेळां लागण होते. एकाच सुईनें नशेचीं औषधें टोचून घेतल्यास ६३ वेळां. गुदमार्गानें समागम करवून घेणाऱ्यास १३८ वेळां. नेहमींच्या समागमांत बाधित पुरुषापासून स्त्रीला सुमारें ८ वेळां, आणि बाधित स्त्रीपासून पुरुषाला ४ वेळां. मुखसंपर्काच्या रकान्यांत आंकडाच नाहीं. ‘अल्प’ एवढाच शब्द आहे. स्पेनमध्यें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बाधितांचे १३५ निरोगी जोडीदार होते. ज्यांचा असुरक्षित संबंध केवळ मुखानेंच येत असे अशीच माणसें त्यांत निवडलेलीं होतीं. असे १९,००० हून अधिक संबंध मोजले गेले, आणि एकासही लागण झाली नाहीं. आठ ही संख्या पाहून मात्र कोणीं निर्धास्त होऊं नये. ती एका वेळेची आहे, आणि संसार वर्षानुवर्षें चालतो. शिवाय नुकतीच लागण झालेल्या माणसाच्या रक्तांत विषाणु फार असल्यानें पहिल्या कांहीं आठवड्यांत धोका पुष्कळ वाढतो.

‘अत्यल्प’ या शब्दाचा एक अनर्थ मीं पाहिला आहे. माझा एक जुना विद्यार्थी, चांगला शिकलेला, परगांवीं नोकरीवर असतां एकदां घसरला. संबंध मुखापुरताच होता. नंतर त्याला जी भीतीनें घेरलें ती वर्षभर सुटेना. घरीं आला तरी पेला वेगळा ठेवी, दोन वर्षांच्या मुलीचा पापा घेईना, पत्नीपासून दूर निजे. ती बिचारी निराळेंच कांहीं समजून माहेरीं जाण्याच्या गोष्टी बोलूं लागली. तपासणी त्यानें एकदां नव्हे, सहा वेळां केली. प्रत्येक वेळीं निर्दोष. “मास्तर, डॉक्टर अल्प म्हणतात, शून्य म्हणत नाहींत,” हें त्याचें पालुपद. मीं त्यास म्हटलें, “अरे, शून्य हा शब्द गणितांत असतो, वैद्यकांत नसतो. नगरहून पुण्यास मोटारींतून जातांना तूं शून्य धोका मागतोस काय?” हें त्याला पटलें कीं नाहीं कोण जाणे, पण पुढें त्याला मनाच्या वैद्याकडे नेलें, आणि त्या उपचारानें तो ताळ्यावर आला. त्याच्या चुकीची शिक्षा त्या लहान मुलीनें भोगावी असें तिच्यांत कांहीं नव्हतें. नीतीचा प्रश्न निराळा आणि लागणीचा निराळा. दोन्ही एकत्र कालविले म्हणजे पश्चात्तापालाच माणूस रोगाचें लक्षण समजूं लागतो.

तथापि तोंडाच्या पहारेकऱ्याचें बळ तोंड निरोगी असेल तोंवरच. हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंड आलें असेल, नुकताच दांत काढला असेल, घशांत फोड असेल, तर वाट किलकिली होते. आमच्या जिल्ह्यांत ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. खेड्यापाड्यांतील पुष्कळ स्त्रिया सकाळीं हिरड्यांना मिश्री घांसतात. पुरुष तंबाखू-चुना दाढेंत धरतात. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली तरी तो मिळावयाचा थांबला आहे असें म्हणवत नाहीं. अशा तोंडांत लहान जखमा नेहमींच्या. म्हणून ज्यांना शंकेस जागा आहे त्यांनीं निरोध वापरावा, वीर्य तोंडांत घेऊं नये, आणि लगेच आधीं दांत घांसूं नयेत, कारण ब्रशानेंही हिरडी सोलवटते.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एच्. आय्. व्ही. मुखावाटे क्वचित् जातो. पण परमा, उपदंश आणि नागिणीच्या जातीचे फोड मुखावाटे सहज जातात. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाशांत ज्याला ‘फिरंग रोग’ म्हटलें तो हाच उपदंश. त्याचा व्रण ओठावर वा जिभेवर उठूं शकतो, दुखत नाहीं, म्हणून लक्षांतही येत नाहीं. परमा घशांत निमूटपणें राहतो. एच्. पी. व्ही. नांवाचा विषाणु मुखसंपर्कानें घशांत जाऊन पुढें कांहींजणांस कर्करोग करतो. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें कारणही तोच, आणि त्याची लस पुण्याच्या सीरम संस्थेनें २०२३ सालीं बाजारांत आणली आहे. मुलींच्या आयांनीं ती डॉक्टरांस विचारून टोचवून घ्यावी. या सर्व रोगांना उपचार वा प्रतिबंध आहे, आणि यांपैकीं कोणताही व्रण अंगावर असला म्हणजे एच्. आय्. व्ही.ला प्रवेश सुलभ होतो.

आतां पुन्हां ताटापेल्याकडे वळतों. परिचयांतील एका एकत्र कुटुंबांत धाकट्या मुलास ही बाधा निघाली. आईनें त्याच दिवशीं त्याचें ताट, वाटी, पेला निराळा केला; पलंगपोस निराळा धुवावयास पडूं लागला; त्याच्या चार वर्षांच्या मुलाला बापाच्या ताटांत घास घेण्याची बंदी झाली. आईचें प्रेम कमी होतें असें मुळींच नाहीं. निराळ्या ताटांत ती त्याच्या आवडीचेंच वाढी. परंतु ज्या घरांत भांडीं एका संध्याकाळीं वेगळीं झालीं त्या घरांत सुनेच्या रक्ताची तपासणी व्हावयास पांच महिने लागले! तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. मीं त्या बाईंना म्हटलें, “काकू, ताट एकत्र करा आणि सूनबाईंना आज दवाखान्यांत न्या.” “आणि नातवाचें काय?” असें त्यांनीं विचारलें. “तो आईकडून येतो, बापाच्या ताटांतून नव्हे,” मीं म्हटलें. सुदैवानें सून निर्दोष निघाली, म्हणून मुलाचीही काळजी मिटली. पहिली वाट उघडी ठेवून बाकीच्या पांच वाटांवर पहारा ठेवणें म्हणतात तें हें.

बाधित मुलगा आज औषधें घेऊन नोकरी करतो, आणि येथें वैद्यकानें गेल्या वीस वर्षांत जें साधलें तें वाचकांनीं नीट समजून घ्यावें. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें कांहीं निवडक रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधें फुकट देण्यास आरंभ केला, मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांत होतें. २०१७ पासून रक्तांतील पेशी कितीही असोत, बाधा निघाली कीं औषध सुरू, असें धोरण झालें. या औषधांनीं रोगी जगतो एवढेंच नव्हे, तर त्याच्यापासून दुसऱ्यास होणारी लागण थांबते. हें सिद्ध करण्यांत आपल्या पुण्याचा वांटा आहे. पुण्याजवळ भोसरी येथें १९९२ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था नऊ देशांतील एका मोठ्या प्रयोगांत सहभागी होती. एक बाधित व एक निरोगी अशीं १,७६३ जोडपीं त्यांत होतीं. २०११ सालीं निष्कर्ष आला कीं, औषध लवकर सुरू केल्यास जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनीं घटते. पुढें युरोपांतील एका अभ्यासानें २०१६ सालीं दाखविलें कीं, ज्यांच्या रक्तांत औषधांमुळें विषाणु मोजण्याइतकाही उरला नव्हता अशांच्या जोडप्यांत निरोधावांचून सुमारें ५८,००० समागम होऊनही जोडीदारापासून एकाही लागणीची नोंद झाली नाहीं. नेहमींच्या समागमाची ही कथा, तर मुखसंपर्काची गोष्टच बोलावयास नको. अट एकच. औषध रोज, ठराविक वेळीं, जन्मभर, आणि रक्तांतील विषाणूची मोजणी वेळोवेळीं.

गर्भवती स्त्रीस बाधा असल्यास औषधांवाचून प्रसूतींत व अंगावरच्या दुधांतून मूल बाधित होण्याचा संभव शेंकडा १५ ते ४५ असतो. औषधें नीट घेतल्यास तो शेंकडा ५ च्या खालीं येतो. म्हणून सुनेच्या पहिल्या तिमाहींतच ही तपासणी व्हावी, आणि ती केल्याबद्दल घरांत कोणीं भुंवया चढवूं नयेत.

हा रोग अमक्या वस्तींतला, अमक्या जातीचा, ट्रकवाल्यांचा, ऊसतोडीला पाथर्डी-शेवगांवकडून जाणाऱ्यांचा, अशी समजूत आमच्या घरांतून फार आहे. सरकारच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें देशांत सुमारें २४ लक्ष बाधित होते, आणि त्यांत सर्वांत अधिक, चार लक्षांच्या जवळपास, महाराष्ट्रांत. एवढे लोक एकाच वस्तींत मावत नाहींत. अहिल्यानगरांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतों तेथें, गिरीश कुलकर्णी यांनीं १९८९ सालीं ‘स्नेहालय’ सुरू केलें तें वेश्यावस्तींतील मुलांसाठीं. पुढें बाधित मुलें आणि माणसेंही त्या कामांत आलीं. याच जिल्ह्यांत जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें १९७० पासून गांवांतल्याच बायांना आरोग्याचें शिक्षण देऊन महारोग्यांस गांवांत पुन्हां जागा मिळवून दिली. महारोग्याला जें शतकानुशतकें सोसावें लागलें तें एच्. आय्. व्ही.च्या रोग्यानें पुन्हां पहिल्यापासून सोसावें, याला शास्त्राचा कांहींएक आधार नाहीं, सुश्रुताचाही नाहीं.

कायदाही आतां झाला आहे. २०१७ सालीं संसदेनें संमत केलेला हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. बाधित माणसास नोकरी, शाळा, दवाखाना वा राहतें घर यांत भेदानें वागवितां येत नाहीं. त्याच्या संमतीवांचून तपासणी करतां येत नाहीं व ती फोडतांही येत नाहीं. आणि बाधित किंवा बाधिताच्या घरांतील अठरा वर्षांखालील मुलास एकत्र घरांत राहण्याचा व तेथील सोयी उपभोगण्याचा हक्क आहे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यांनीं हें शेवटचें कलम विशेष ध्यानांत ठेवावें.

ज्यांच्या मनांत शंका आहे त्यांनीं काय करावें? बलात्कार, सुई टोंचणें, निरोध फाटणें अशी धोक्याची घटना घडून ७२ तास झाले नसतील, तर सरकारी दवाखान्यांत तात्काळ जावें. २८ दिवसांच्या औषधांनीं लागण टाळतां येते, मात्र जितका उशीर तितका उपयोग कमी. वेळ टळून गेली असेल तर तपासणी. नव्या पद्धतीच्या तपासणीचा निकाल ४५ दिवसांनीं भरंवशाचा धरतात, साध्या शीघ्र तपासणीचा तीन महिन्यांनीं. त्याआधींची निर्दोष चिठ्ठी अंतिम समजूं नये, आणि त्यानंतरची निर्दोष चिठ्ठी आली म्हणजे पुन्हां पुन्हां रक्त देत बसूं नये. एका चांचणींत दोष दिसला तरी घाबरूं नये. निराळ्या पद्धतीच्या एकूण तीन चांचण्या जुळल्यावरच बाधा निश्चित मानतात. जिल्हा रुग्णालयांत यासाठीं समुपदेशनाचा स्वतंत्र कक्ष असतो, तपासणी विनामूल्य असते, आणि नांव गुप्त राहतें. तेथवर जाण्याचा संकोच वाटत असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करतां येतो. तो राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा असून आपल्या भाषेंत विचारतां येतें. प्रश्न विचारतांना मुखाचा उल्लेख करावयास लाजूं नये. पलीकडच्या माणसानें तो यापूर्वीं पुष्कळदां ऐकलेला असतो.